हजेरीपटावरील नाव : बांधकामावरील अपघात व भरपाईच्या हक्काचा इतिहास

आपल्या ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय दगडाचा व चुन्याचा. आपल्या पूर्वजांनी उभारलेली देवालये, नदीकाठचे घाट, वाडे आणि पूल यांविषयी या स्मरणिकेच्या मागील अंकांतून अभिमानाने लिहिले गेलेले आहे, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तितका उत्साहवर्धक नाही. ज्या हातांनी ही कामे केली ते हात कामावरच मोडले असता त्या माणसाचे व त्याच्या घराचे पुढे काय होत असे, आणि कायद्याने त्यांस कधी व किती आधार देऊ केला, याचा हा वृत्तांत आहे. विषय रुक्ष वाटेल. तथापि ज्या घरातील कर्ता पुरुष परांचीवरून पडला आहे त्या घरास तो रुक्ष वाटणार नाही, आणि अशी घरे आपल्यात थोडी नाहीत.

बोरघाटापासून आरंभ करू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने खंडाळ्याच्या या घाटाचे काम १८५६ साली हाती घेतले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला. पंधरासोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, आणि खोल दऱ्यांवरून नेलेले दगडी कमानींचे पूल असे ते अवाढव्य काम होते. १८६१ च्या आरंभी त्यावर ४२,००० माणसे राबत होती. जेथे कड्यावर उभे राहण्यासही जागा नसे तेथे मजुरांस दोरांनी वरून खाली सोडीत आणि ते लोंबकळत सुरुंगाची भोके पाडीत. पहारी, सुरुंगाची दारू, निसटणारे धोंडे, आणि पावसाळा लागला की तळावर पसरणारी पटकी! मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांचे नाव इतिहासात आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली येथे येताच अल्पावधीत आजाराने वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, ते कंत्राट अंगावर घेऊन पुरे करविले, हेही इतिहासाने आदरपूर्वक नमूद केले आहे. मजूर किती दगावले? अभ्यासक हजारोंचा अंदाज देतात. परंतु नाव, गाव व दिवस यांसह लिहिलेली यादी कोणापाशीही नाही. मजूर टोळीटोळीने येत. टोळी मुकादमाची. मजुरी मुकादमाच्या हाती पडे आणि माणसांची मोजदादही त्याच्याच तोंडी असे. टोळीतून एक मनुष्य कमी झाला तर दुसरा भरती होई, आणि संख्या कायम राही.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. घाटाचे काम सुरू होण्यापूर्वीच, १८५५ साली, प्राणघातक अपघातांविषयीचा एक कायदा या देशात झालेला होता. दुसऱ्याच्या अपकृत्याने मनुष्य मरण पावल्यास त्याची पत्नी, मुले व आईबाप यांच्यासाठी नुकसानभरपाईचा दावा लावता येईल, असे त्यात म्हटले होते. म्हणजे कागदोपत्री पाहू जाता बोरघाटात मेलेल्या मजुराच्या विधवेसही हक्क होता. परंतु तिने काय करावयाचे? दिवाणी न्यायालयात वकील द्यावयाचा, मालकाचा अपराध साक्षीपुराव्यानिशी सिद्ध करावयाचा, आणि मुळात आपला नवरा त्या दिवशी त्या कामावर होता हे दाखवावयाचे. या तिहींपैकी पहिल्या दोन गोष्टी पैशाने साधत्या. तिसरी पैशानेही साधणारी नव्हती, कारण त्याचे नाव कोठे लिहिलेलेच नव्हते.

१८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून घाटात मजुरांचा दंगा झाला. सरकार खडबडून जागे झाले आणि १८६० साली मालक व कामगार यांच्यातील तंट्यांविषयीचा कायदा झाला. रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, असा त्याचा हेतू. त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेची तरतूद केली. अपघाताविषयी त्यात अवाक्षर नाही. हा कायदा १९३२ साली रद्द होईपर्यंत पुस्तकात राहिला.

विलायतेतील मजुराची स्थिती तरी चांगली होती काय? तसेही नव्हते. १८३७ साली तेथे एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा लावला होता. मालाने अतिशय लादलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. न्यायालयाने दावा फेटाळला. नोकरी पत्करताना नोकराने तिच्यातील धोकाही पत्करलेला असतो, असा एकंदर न्याय झाला. आणि त्यातूनच पुढे ‘समान नोकरी’चे तत्त्व रूढ झाले. एका सहकाऱ्याच्या चुकीने दुसऱ्या कामगारास इजा झाली तर मालक जबाबदार नाही, असा त्या तत्त्वाचा मथितार्थ. बांधकामावर याचा परिणाम काय होतो पाहा. परांची बांधणारा मजूर, तिच्यावर चढणाराही मजूर. दोर सुटला तर तो बांधणाऱ्याची चूक. मालक सुटला! शहाण्यासुरत्या न्यायाधीशांनी हे तत्त्व दीर्घकाळ चालविले. जर्मनीत १८८४ साली अपघातविम्याचा कायदा झाला, विलायतेत १८९७ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला, आणि तेव्हा प्रथम असे मानले गेले की अपराध कोणाचा हे विचारण्याचे कारण नाही. धंदा ज्याचा, त्या धंद्यातील अपघाताचा भारही त्याचाच. विटा, चुना व लाकूड यांचा खर्च मालक सोसतो, तद्वत् मोडलेल्या हाताचाही खर्च त्याने सोसावा. या एका कल्पनेने सारे पारडे फिरले.

हिंदुस्थानात ही कल्पना कायद्यात उतरण्यास १९२३ साल उजाडले. पहिल्या महायुद्धानंतर जिनीव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली होती. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली. आणि १९२१ साली सरकारने प्रांतांची मते मागविली. त्याच वर्षापासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने नेमलेले सभासद म्हणून नारायण मल्हार जोशी बसत होते. हे गृहस्थ कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते, स्वभावाने शांत, भाषणात अलंकार नाही, परंतु कलमामागून कलम चिवटपणे लढविणारे. मोठ्या सभा गाजविणाऱ्या पुढाऱ्यांची चरित्रे आपण मुलांस शिकवितो, ना. म. जोश्यांचे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते, याची मला शिक्षक या नात्याने नेहमी खंत वाटत आली.

कामगार नुकसानभरपाई कायदा मार्च १९२३ मध्ये मंजूर झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. अपघात ‘कामातून’ उद्भवलेला असावा व ‘काम चालू असताना’ घडलेला असावा, या दोन अटी पुऱ्या झाल्या की मालकाचा अपराध सिद्ध करण्याची गरज उरली नाही. नशेत असणे, सुरक्षिततेचा हुकूम बुद्धिपुरस्सर मोडणे, संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे, एवढेच बचाव मालकास ठेवले. दावा दिवाणी न्यायालयात न लावता आयुक्तापुढे लावावयाचा. मृत्यू आल्यास तीस महिन्यांचे वेतन अथवा २,५०० रुपये यांपैकी कमी असेल ते. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचे वेतन अथवा ३,५०० रुपये यांपैकी कमी असेल ते. जिवंत राहिलेल्यास मेलेल्याहून अधिक, हे पाहून प्रथम आश्चर्य वाटते. पण अपंग मनुष्यास स्वतःलाही जेवावे लागते, हा त्यामागील हिशेब आहे.

या कायद्यास जोडलेली पहिली अनुसूची वाचनीय आहे. माणसाच्या अवयवांची ती किंमतपत्रिकाच होय. उजवा हात कोपरापासून वा वर तुटल्यास कमाईची शक्ती शेकडा ७० ने गेली, डावा तुटल्यास ६० ने, पाय गुडघ्यापासून वा वर, ६०, एक डोळा, ३०, अंगठा, २५, तर्जनी, १०, इतर कोणतेही बोट, ५. उजव्याडाव्याचा हा भेद करणाऱ्यांनी पाथरवटास काम करताना पाहिले नसावे. त्याच्या उजव्या हातात हातोडा असतो हे खरे, परंतु छिन्नी धरणारा डावा हात स्थिर नसेल तर हातोड्याने नुसते तुकडे पडतील, मूर्ती घडणार नाही. आणि बोटांविषयी तर बोलावयासच नको. ज्या गवंड्याची तर्जनी गेली त्याच्या हाती ओळंब्याची दोरी पूर्वीसारखी ठरत नाही. त्यास शेकडा दहा!

या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाकडून मिळण्यास अर्धे शतक लागले. ओरिसात १९६८ साली एक सुतार चित्रपटगृहात नक्षीकाम करीत असता खाली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे, हे अंशतः अपंगत्व. अनुसूचीतील टक्केवारीप्रमाणे हिशेब व्हावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७५ साली न्यायालयाने निर्णय दिला की सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून या सुताराचे अपंगत्व संपूर्णच होय. आयुक्ताने दिलेली ९,८०० रुपयांची भरपाई, तिच्यावर निम्मा दंड आणि व्याज, हे सर्व कायम झाले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, आयुक्ताने निकाल दिल्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालाने ठरले. तक्त्यात हाताची किंमत काय लिहिली आहे एवढेच न पाहता तो हात कोणाचा होता हे पाहावे, असा या निकालाचा भावार्थ आहे, आणि आपल्यासारख्या कारागिरांच्या समाजाने तो जपून ठेवण्याजोगा आहे.

आता बांधकामाच्या मजुरास १९२३ च्या कायद्याने कितपत पोटात घेतले ते पाहू. हा कायदा प्रामुख्याने गिरण्या, खाणी व रेल्वे यांच्याकडे पाहून केलेला होता. इमारतीच्या कामास तो लागू झाला, पण ती इमारत एका मजल्याहून उंच असेल तरच. मुंबई सरकारच्या विकास खात्याने त्याच सुमारास वरळी, नायगाव येथे चार मजली चाळी उभारल्या. त्यांवरील मजूर कायद्यात बसत. परंतु गावात बैठे घर बांधताना आढे अंगावर पडून जो मेला तो बसत नसे. पुढे दुरुस्त्यांनी ही अट उतरत उतरत जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट अशी झाली, आणि रस्ते, बोगदे, कालवे, धरणेही आत आली. दुसरी अडचण याहून मोठी होती. मालकाच्या धंद्याखेरीज अन्य कामासाठी नैमित्तिक स्वरूपात लावलेला मनुष्य ‘कामगार’ या व्याख्येतूनच वगळलेला होता. एखाद्या वकिलाने वा व्यापाऱ्याने राहत्या घराची भिंत दुरुस्त करण्यास दोन दिवसांसाठी गवंडी लावला, तर त्या गवंड्यास काही नाही. ही अपवादाची ओळ कायद्यातून जाण्यास २००० साल उजाडावे लागले.

मुकादमी पद्धतीवर मात्र १९२३ च्या कायद्याने पहिल्या दिवसापासून एक उपाय ठेवला होता. आपल्या धंद्याचाच भाग असलेले काम एखाद्याने कंत्राटदाराकरवी करून घेतले, तर त्या कंत्राटदाराच्या मजुराच्या भरपाईस तो मूळ धनीही जबाबदार. त्याने ती प्रथम द्यावी आणि मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. मजुराने मुकादमाच्या मागे धावत बसू नये, हा यातील हेतू फार उदार आहे. ज्याच्या नावाची पाटी कामाच्या जागेवर लागते त्याच्याचकडे जाण्याची वाट मजुरास यामुळे मोकळी झाली.

याशिवाय तीन कलमे अशी होती की ती ज्याने लिहिली त्यास आपल्या लोकांची नाडी कळलेली होती असे म्हणावेसे वाटते. पहिले, भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कामगाराने केला तरी तो निरर्थक. दुसरे, मृत्यूची भरपाई मालकाने परभारे कोणाच्या हातावर ठेवावयाची नाही, ती आयुक्ताकडेच भरावयाची. आयुक्त ती विधवा, मुले, आई यांच्यात वाटून देईल व मुलांच्या नावे गुंतवून ठेवील. तिसरे, ही रक्कम गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, आणि सावकारासही तिच्यावर जप्ती आणता येत नाही.

एवढे सर्व असता आपल्या घरी हा कायदा का पोहोचला नाही? येथे मला घरचेच उदाहरण द्यावे लागते. १९७१ च्या उन्हाळ्यात माझे चुलते एका मोठ्या शहरात तिसऱ्या मजल्याच्या गिलाव्याचे काम करीत असता परांचीची बल्ली सरकून खाली आले. कंबर बसली. त्या कामाचा मुकादम आमच्याच ज्ञातीचा, नात्यातलाही. त्याने इस्पितळाचा खर्च केला, हे मी नाकारीत नाही. चार महिन्यांनी काका घरी आल्यावर ज्ञातीतील चार वडीलधाऱ्या मंडळींना बसविण्यात आले. ‘आपसातील गोष्ट आहे, कोर्टकचेरी शोभत नाही’, असे ठरले. तीनशे रुपये रोख देण्यात आले आणि एका मुद्रांकावर काकांचा अंगठा घेतला गेला. कागदावर काय लिहिले आहे ते मी वाचून दाखविले. तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो आणि घरात वाचता येणारा तेवढाच. माझी कोणतीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही, असा मजकूर होता. काका पुन्हा परांचीवर चढले नाहीत. बांधकामाच्या जागी राखणदार म्हणून त्यांनी उरलेले आयुष्य काढले, आणि काकूंनी घमेली वाहिली.

तो कागद कायद्याने कवडीमोलाचा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कायम अपंगत्वाची तडजोड करावयाची तर तिचा मेमोरँडम आयुक्ताकडे नोंदवावा लागे. रक्कम अपुरी वाटल्यास, अथवा ती लबाडीने वा दडपणाने ठरविली असे दिसल्यास, आयुक्त नोंदणी नाकारी. नोंदणीच केली नाही तर मालकाची जबाबदारी पूर्ण रकमेपुरती तशीच उभी राही. काकांच्या घरच्या बैठकीतील एकाही गृहस्थास हे ठाऊक नव्हते. त्यांचा हेतू वाईट होता असे मला म्हणावयाचे नाही. नात्यात वितुष्ट येऊ नये, दोन्ही घरे आपलीच, ही भावना प्रामाणिक असते. परंतु अशा बैठकीत एक बाजू रोकड घेऊन बसलेली असते आणि दुसरी बाजू अंथरुणावर पडलेली असते. त्या दोहोंच्या मध्ये बसून काढलेली तडजोड समसमान कशी व्हावी?

हे लिहिताना भीड वाटते, कारण आज आपल्यातील कित्येक कर्तबगार तरुण स्वतःच कंत्राटदार झालेले आहेत. अशांच्या देणग्यांवर व जाहिरातींवर आपल्या समाजाची वार्षिके निघतात. त्यांच्या उत्कर्षाचा मला आनंदच आहे. त्यांच्यापैकी एका सज्जनाने मला विचारले, ‘गुरुजी, मजूर पडला तर मी बुडावे काय?’ प्रश्न रास्त होता. उत्तरही सोपे आहे. भरपाईच्या जबाबदारीचा विमा उतरविता येतो, आणि त्याचा हप्ता कामाच्या दरात धरता येतो, जसा सिमेंटचा भाव धरतात. मात्र विम्यासाठी मजुरांची संख्या व वेतन खरे लिहावे लागते. तेथेच घोडे अडते. हजेरीपटावर दहा नावे व कामावर तीस माणसे, ही रीत काही आजची नाही. तीसचे तीस लिहिले तर त्यांचे इतर हक्कही लिहिल्यासारखे होतात, ही धास्ती त्यामागे असते.

स्त्रियांचे तर नावही बहुधा लागत नाही. खडी फोडण्याचे काम ब्रासावर, नवराबायको जोडीने करतात. हिशेब नवऱ्याच्या नावे. डोळ्यात चीप उडाली तर ती बहुधा बाईच्या, कारण फोडण्यास तीच बसलेली असते आणि तो पाटीने वाहत असतो. एक डोळा म्हणजे शेकडा तीस, असे मूळ अनुसूची म्हणत असे. पण कशाचे शेकडा तीस? तिच्या नावावर वेतनच लागलेले नसेल तर हिशेबास आरंभ कोठून करावयाचा?

कायदा मात्र पुढे सरकत राहिला. व्हिटली आयोगाने १९३१ साली दिलेल्या अहवालानंतर १९३३ च्या दुरुस्तीने प्राणघातक अपघातात आयुक्तास आपण होऊन मालकाकडे विचारणा करता येऊ लागली. विधवेने अर्ज करीपर्यंत वाट पाहण्याचे कारण उरले नाही. १९३८ साली ते ‘समान नोकरी’चे तत्त्वही या देशातील कायद्याने मोडीत काढले, म्हणजे खाटकाच्या नोकराचा दावा फेटाळला गेल्यानंतर बरोबर एकशे एक वर्षांनी. १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्याबरोबर बांधकाम-खर्चावर उपकर बसवून कल्याण मंडळे स्थापण्याची योजना आली. मंडळाकडे नाव नोंदविण्यासाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागू लागला. दाखला कोणाचा? तर पुन्हा ज्याने कामास लावले त्याचा, आणि तोच देण्यास पुष्कळजण कां-कूं करतात. कल्याण मंडळाची मदत व मालकाने द्यावयाची भरपाई या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एक मिळाली म्हणून दुसरी जात नाही, हे मंडळाच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या बांधवांस कोणीतरी सांगितले पाहिजे.

जानेवारी २०१० पासून १९२३ च्या कायद्याचे नाव ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ असे झाले आणि भरपाईची किमान रक्कम मृत्यूस १,२०,००० व संपूर्ण अपंगत्वास १,४०,००० रुपये ठरली. पुढे संसदेने २०२० साली हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. जुनी मूळ तत्त्वे तिच्यात कायम आहेत. घरून कामावर जाताना व कामावरून परतताना झालेला अपघातही काही मर्यादेत कामाचाच मानावा, अशी नवी तरतूद तिने केली आहे. पहाटे मजूर-अड्ड्यावरून टेम्पोत दाटीवाटीने जाणाऱ्या आपल्या लोकांच्या दृष्टीने ती लहान नाही. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावावयाचा असतो. सबळ कारण दाखविल्यास उशीरही क्षम्य होऊ शकतो.

शेवटी माझ्या पेशाशी संबंधित एक गोष्ट सांगतो. १९८४ च्या दुरुस्तीपासून भरपाईचा हिशेब वेतन व वय यांवरून होतो. मृत्यूच्या बाबतीत मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घेऊन तिला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. वय तीस असल्यास गुणक २०७.९८, चाळीस असल्यास १८४.१७. २०२० च्या जानेवारीपासून हिशेबास धरावयाच्या वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली. तेवढे वेतन धरले तर तीस वर्षांच्या मजुरामागे १५,५९,८५० रुपये येतात आणि चाळीस वर्षांच्या मजुरामागे १३,८१,२७५. दहा वर्षांच्या फरकाने पावणेदोन लाखांहून अधिक रक्कम कमी होते. साहजिकच मेलेल्याचे वय वाढवून सांगण्याकडे समोरच्या पक्षाचा कल असतो.

मी नोकरीत असताना एक बाई पदराखाली लहान मूल घेऊन शाळेत आली. तिचा नवरा पुलाच्या कामावर गेला होता. समोरचे लोक त्याचे वय बेचाळीस सांगत होते. तो आमच्याच शाळेत तिसरीपर्यंत शिकलेला. जुनी दाखल-नोंदवही काढली. त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, आणि जन्मतारीख १ जून. खेड्यातील शाळांत निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून असते हे सर्वांस ठाऊक आहे. तो दिवस खरा नसेल, परंतु वर्ष घरच्यांनी सांगितलेले व त्या वेळी लिहिलेले होते. त्या हिशेबाने तो चौतीस वर्षांचा भरला. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने उतारा दिला आणि आयुक्तांनी तो ग्राह्य धरला. त्या कामाच्या हजेरीपटावर त्याचे नाव सापडले नव्हते. त्याच्या बरोबर काम करणाऱ्या दोघांनी साक्षी दिल्या तेव्हा तो तेथे कामावर होता हे सिद्ध झाले. ते दोघे आपल्या ज्ञातीचे नव्हते. एक कर्नाटकातील होता व दुसरा बिहारमधील. साक्ष दिल्यानंतर त्यांस त्या कंत्राटदाराकडे पुन्हा काम मिळाले नाही.

असा उतारा कोणत्याही जुन्या विद्यार्थ्याच्या वारसास साध्या अर्जावर शाळेतून मिळतो. शाळा बंद पडली असल्यास तिच्या नोंदवह्या कोणाच्या ताब्यात आहेत याची चौकशी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे करावी.